एकाच पाइपची दोन तोंडं

प्लंबरला मी आयुष्यात कधी उंबरा ओलांडू दिला नाही. सिंक तुंबलं की खायचा सोडा, व्हिनेगर, वर उकळतं पाणी आणि शेवटी दांड्याचा रबरी पंप. फक्त आमच्या घरी सिंकचा आणि न्हाणीचा पाइप एकच. न्हाणीतलं तोंड कोणी दाबून धरलं नाही, तर सगळी हवा तिकडून निसटते आणि हात मोडेपर्यंत पंप मारला तरी पाणी ढिम्म हलत नाही.

ते काम बायकोचं. ओलं फडकं दाबून ती ओरडायची, "अहो, दाबलंय! मारा आता!"

मी इकडून खेकसायचो, "चहाचा चोथा सिंकमध्ये टाकू नको म्हणून हजारदा सांगितलंय!"

ती वारल्यावर तीन महिन्यांनी सिंक पुन्हा तुंबलं. मी एकटाच हट्टाने पंप मारत राहिलो. न्हाणीत नुसती बुडबुड. घामाघूम झालो, चिडलो आणि सवयीने ओरडलो, "अगं, नीट दाब की!"

बुडबुड थांबली. पंपाने एकदम पकड घेतली. दुसऱ्या दणक्याला सगळं पाणी घळाघळा खाली गेलं.

न्हाणीत जाऊन पाहिलं. दोरीवर वाळत घातलेलं फडकं त्या तोंडावर होतं. ओलं, चौपदरी, काठ आत दुमडलेले. मी कधी काठ दुमडत नाही.

प्लंबर अजूनही आमच्याकडे येत नाही. चोथा मात्र आता रोज मीच सिंकमध्ये टाकतो.