चिमटा तडकलाय

मी एका फटफटीची वही बोलतेय. फटफटी नव्हे हो, नुसती तिची वही! लाल पुठ्ठ्याची, शंभर पानी. खरं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. पण मनात ठेवून ठेवून जीव कोंडतो, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

मी कुठल्या छापखान्यात जन्मले ते आठवत नाही. मला वाचा दिली ती पौडच्या कोंडाजी मिस्तरीनं. हा माणूस लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात होता. तिथून येताना त्यानं पान्यांची पेटी आणली आणि एक खोड आणली. "जे बगितलं त्ये लिवलंच पायजे," म्हणायचा. कोळशाचे ठेकेदार हैबतराव यांची फटफटी त्याच्याकडं तपासायला यायची. दर खेपेला तो कानामागची पेन्सिल काढून तारीख टाकायचा आणि दोन-चार शब्दांत मोकळा व्हायचा. "तेल बदलले. ठीक." "साखळी ओढली. ठीक." शब्दांच्या बाबतीत भारी कंजूष! मला मात्र त्या 'ठीक'चा कोण अभिमान!

त्रेसष्ट सालच्या दिवाळीनंतर मिस्तरीनं फटफटीच्या पुढच्या चाकापाशी बसून बराच वेळ बोट फिरवलं. मग माझ्या पानावर लिहिलं, "चिमटा तडकलाय. बदलणे." हैबतरावांना तोंडानंही बजावलं, "सायेब, ह्यो दांडा दगा दील. बदलल्याबिगर उतार उतरू नगा." हैबतराव "बघू, बघू" म्हणाले आणि आठ दिवसांत फटफटी विकायला काढली.

घ्यायला आले गेणबा आणि त्यांची बायको सगुणा. गेणबा मुळशीच्या वाड्यावाड्यांवरनं दूध गोळा करून एसटीनं पुण्याला न्यायचे. गाडी चुकली की दूध नासायचं आणि गिऱ्हाईक तुटायचं. फटफटी आली की धंद्याला बरकत येईल म्हणून बिचारे दोन म्हशी विकून आले होते.

गेणबांनी फटफटी पारखली ती बैल पारखावा तशी! सीट थोपटली, हँडल शिंगासारखं धरून हलवलं, मागं जाऊन चाकाला लाथ घातली. "आंगानं भरल्याली हाय," म्हणाले. मग जरा चाचरत म्हणाले, "येकडाव कोंडाजी मिस्तरीला दावून आनू का?"

"अहो, मिस्तरीकडं कशाला? मिस्तरीची वहीच आहे की!" हैबतरावांनी मला पुढं केलं. "सगळं लिहिलेलं आहे. वाचून घ्या."

गेणबांनी मला बायकोच्या हातात दिलं. सगुणा त्याच साली गावातल्या मोठ्या माणसांच्या वर्गात अक्षरं शिकली होती. अख्ख्या आळीत वाचता येणारी ती एकटीच बाई! पदर सावरून ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. दर 'ठीक'ला गेणबांची मान डोलायची आणि मी मेली फुशारून जायची. मग ती शेवटच्या पानावर आली. "चि-म-टा त-ड-क-ला-य. ब-द-ल-णे."

"ह्यो कुटला चिमटा गं?" गेणबांनी विचारलं.

सगुणा खुदकन हसली. "आवो, चुलीपुडचा! मिस्तरीच्या घरचा तडकला आसंल. बाजारातनं आनायची आठवन लिवून ठिवलीया."

"आन् ती बी फटफटीच्या वहीत! धन्य हाय गड्याची!" गेणबा पोट धरून हसले.

हैबतरावांनी तिच्या हातातून मला घेऊन मिटलं. मग तेही हसले. "मिस्तरी विसराळूच आहे हो. कुठंही काहीही लिहितो."

अरे मेल्या, ठाऊक आहे की तुला! पण ओरडणार कशी? व्यवहार तिथंच झाला. फटफटीला हार घातला, तिच्यापुढं नारळ फोडला, मलाही हळदीकुंकू लावलं. ते कुंकू मला अजून भाजतं. मी खोटं सांगितलं नाही, हे खरं. पण मी नसते तर गेणबा पौडला मिस्तरीकडं गेलेच असते. चार मैलांवर तर तो बसायचा. माझ्यामुळंच ते अडले.

चार महिने दूध वेळेवर पोचलं. गिऱ्हाईक वाढलं. गेणबा गाणं म्हणत घरी यायचे. आणि एका सकाळी बावधनच्या उतारावर तो चिमटा काडकन तुटला. चाक एकीकडं, गेणबा एकीकडं. किटल्यांतलं दूध सडकेवरून वाहत गेलं. मी सीटमागच्या पिशवीत होते, मला ओरखडासुद्धा आला नाही.

दीड महिना पुण्याच्या दवाखान्यात काढून गेणबा घरी आले, ते उजवा पाय दोन बोटं आखूड घेऊन. फटफटीला किक मारणं आता जन्मात जमणार नव्हतं.

कोंडाजी मिस्तरी नवा दांडा घेऊन घरी आला. आल्या आल्या त्यानं मला उघडलं. "हितं लिवलंय की! चिमटा तडकलाय म्हून. वाचलं न्हाई व्हय कुनी?"

"म्या वाचलं," सगुणा म्हणाली. "चुलीचा समजले."

"आगं बाई! पुडचं चाक दोन्ही आंगानं धरतोय त्यो दांडा. आमी त्याला चिमटाच म्हनतो."

सगुणानं वाकून ते पान पुन्हा वाचलं. बाई वाचायला शिकली हाच अपशकुन, असं आळीतल्या बायका आधीच महिनाभर कुजबुजत होत्या, 'बाईनं वाचलं आन् बापयाचा पाय ग्येला.' तिनं वर्गाला जाणं सोडलं होतं. ती रडू लागली तसा मिस्तरी वरमला. "तुजी चूक न्हाई. दोन शबुद जास्ती लिवलं आसतं तर माजी पेन्सिल झिजली आसती व्हय?"

त्यानं दांडा बसवला आणि लिहायला पेन्सिल काढली. गेणबांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या, मिस्तरी. पडल्याली गाडी म्हनल्यावर कुत्रं बी इचारनार न्हाई. ती इकून म्हस घ्यायची हाय आमाला. लई नड हाय."

 कधी नव्हे तो मिस्तरीचा हात थांबला.

"द्या हिकडं," म्हणत सगुणानं पेन्सिल घेतली. जमिनीवर बसून, जीभ दाताखाली धरून ती लिहीत राहिली. पेन्सिल इतकी दाबली की पान फाटतंय की काय असं मला झालं.

"काय लिवलंस?" गेणबांनी विचारलं. तिनं वाचलं.

"चिमटा म्हंजी पुडचं चाक धरनारा दांडा. चुलीचा न्हवं. मी वाचलं पन मला समजलं न्हाई. मालकांचा पाय मोडला. नवा दांडा घातलाय. तरी घेनाऱ्यानं मिस्तरीला तोंडानं इचारावं. सगुणा."

गेणबांनी हात पुढं करून मला जवळ ओढलं. मला वाटलं, आता मला चुलीत घालणार. घातलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

"माजं बी लिव त्यात," ते खाली मानेनं म्हणाले. "मिस्तरीकडं जातू म्हनलू, आन् वही बगून ग्येलू न्हाई. आसं लिव. समदं तुज्याच माथी कशापायी?"

तिनं तेही लिहिलं.

आज मी त्यांच्या ओसरीवरच्या फळीवर आहे. आतापर्यंत तिघं गिऱ्हाईकं आली. तिघांनीही ते पान वाचलं आणि चहा पिऊन गेली. म्हैस काही अजून आलेली नाही. तुम्ही कुणी फटफटी घेणार असाल तर या. पण बाबांनो, माझ्या भरवशावर राहू नका. कोंडाजी मिस्तरी पौडला चावडीशेजारी बसतो. आधी त्याला विचारा, मग मला उघडा.