डावा स्पीकर

"बाई, डावा मेलाय. मी सांगतो ना, डावा मेलाय."

मिस्त्री ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसले होते आणि फिटरबाई डॅशबोर्डखाली अर्धी आत, अर्धी बाहेर अशी आडवी झाली होती. तोंडात चिकटपट्टीचा तुकडा धरल्यामुळे तिला लगेच उत्तर देता आलं नाही. तिने आधी तो तारेवर गुंडाळला, मग डोकं बाहेर काढलं.

"काका, सेट नवा आहे. खोका तुमच्यासमोर फोडला. स्पीकर तुम्हीच मागे बदललात म्हणता. तार मी आत्ता दारापर्यंत नवी ओढली. आता मरायला राहिलंय काय?"

"ते तुम्ही बघा. मला सगळं उजवीकडनं येतंय. डावीकडनं काही नाही."

फिटरबाईने सुस्कारा सोडला आणि पुन्हा आत गेली. मोटारींना स्टिरिओ बसवण्याचं हे दुकान तिच्या वडिलांचं. हट्टी गिऱ्हाईक तिला नवं नव्हतं, पण हे गिऱ्हाईक सकाळपासून गाडीतून उतरायलाच तयार नव्हतं.

यंत्राच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, असं मिस्त्रींचं मत होतं, आणि ते अगदीच पोकळ नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसात काढली होती. लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं डाव्या कानाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं की हे अजून चालेल, ते मात्र आजच उतरवा. डाव्याच कानाशी, कारण उजवा हात व्हॉल्व्हच्या चाकावर लागायचा. पंप रात्रंदिवस मिस्त्रींच्या डाव्या अंगाला गरजत. निवृत्त होईपर्यंत सारं पंपहाउस त्यांच्या कानावर चाललं. त्यामुळे गाडीतला आवाज बिघडला तेव्हा त्यांनी बिघाड गाडीत शोधला. तो दुसरीकडे कुठे असू शकेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

खरं तर त्या गाडीत गाणी ऐकायची पद्धतच नव्हती. जुना कॅसेटवाला सेट होता, पण त्याच्या बटणांवरचे आकडे वापरून नाही, धूळ पुसून पुसून गेले होते. गाडी ही नवराबायकोची बोलायची जागा होती. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत मिस्त्रींची आई आणि दुसरीत मोठ्याने पाठांतर करणारी मुलगी. तिथे बायको बोलायची ती या खोलीतून त्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात, आणि बोलायची ती कामाचं. मनातलं बोलायला गाडी. ती डाव्या सीटवर बसली, पट्टा लावला, की हलक्या आवाजात सुरू व्हायची. मुलीचं लग्न, आईचं आजारपण, कोण काय लागट बोललं आणि ते का बोललं, हे सगळं गिअर टाकता टाकता मिटलं होतं. आई गेली, मुलगी सासरी गेली, घर मोकळं झालं, तरी सवय तीच राहिली.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र बायको गाडीत बोलेनाशी झाली. घरात ठीक; जेवायला चला, गॅस संपलाय, सगळं नेहमीसारखं. गाडीत बसली की तोंड खिडकीकडे. मिस्त्रींनी मनाशी ताळा जुळवला. ही जुनी गाडी काढून टाका, असं ती मागे म्हणाली होती आणि त्यांनी तिचं बोलणं उडवून लावलं होतं. त्याचाच राग असणार. रुसू दे, निवळेल, असं त्यांनी ठरवलं. ते काही निवळलं नाही.

पंपहाउसात शांतता म्हणजे बिघाड. गाढ झोपेतसुद्धा मिस्त्रींना पंपांचा आवाज जागं करायचा नाही, आवाज थांबला की ते दचकून उठायचे. गाडीतली ही शांतता त्यांना सोसवेना. म्हणून त्यांनी सेट लावायला सुरुवात केली, आणि लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डावा स्पीकर मेलाय.

"काका," फिटरबाई बाहेर येऊन हात पुसत म्हणाली, "एक करा. सीटवर गुडघे टेकून उलटे बसा. तोंड मागच्या काचेकडे."

"कशाला?"

"बसा तर खरं. कुणी बघत नाहीये."

रस्त्यावरचे दोघेतिघे बघत होते. मिस्त्री कुरकुरत वळले, गुडघे टेकले आणि सीटच्या पाठीला मिठी मारून बसले. लहानपणी आगगाडीतसुद्धा ते असे बसले नसतील. फिटरबाईने सगळा आवाज डाव्या स्पीकरवर घेतला.

"हां, आला," मिस्त्री खुशीत म्हणाले. "हा बघा, स्वच्छ आला. म्हणजे कुठेतरी तार सैल होती. मी म्हणत होतो."

फिटरबाईने पुन्हा बटण फिरवलं. तिने आवाज उजव्या स्पीकरवर नेला. तो आता मिस्त्रींच्या डाव्या हाताला, अगदी जवळ होता. मिस्त्री थांबले. कुठून तरी, शेजारच्या घरातून यावं तसं काहीतरी पुसट येत होतं.

"आता उजवा गेला," ते म्हणाले.

फिटरबाईने त्यांचा हात धरला आणि दारातल्या स्पीकरच्या जाळीवर ठेवला. जाळी तळहाताखाली चांगली थरथरत होती. ज्या हाताने त्यांनी इतके पंप चाचपले, त्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते वळले होते आणि बिघाडही त्यांच्याबरोबर वळला होता.

"माझ्या कानाला काय धाड भरलीय?" ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"काका, रागावू नका. माझ्या वडलांचं असंच झालं. हळूहळू जातं, माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. आम्ही किती दिवस त्यांना हेकट म्हणत होतो. मुद्दाम ऐकत नाहीत म्हणून मी तर बोलायचंच सोडलं होतं." ती हत्यारं गोळा करू लागली. "कान दाखवून घ्या. आणि हा नवा सेट ठेवायचा की जुना परत बसवू, ते सांगा."

मिस्त्री सरळ होऊन बसले. त्यांचं सेटकडे लक्ष नव्हतं. ते डाव्या सीटकडे बघत होते. बायको बसायची तिथलं कापड झिजून चकचकीत झालं होतं.

त्यांना गेल्या हिवाळ्यातला, हॉस्पिटलातून परत यायचा दिवस आठवला. बायकोच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढून घेतला होता आणि निकाल यायचा होता. कारखान्याच्या लांबलचक भिंतीशेजारून गाडी चालली होती. त्यांनी सहज बघितलं तर बायको त्यांच्याकडे बघत होती, कशाची तरी वाट बघावी तसं. ते तिच्याकडे बघून हसले होते आणि म्हणाले होते, "मागच्या चाकात हवा कमी वाटतेय. पुढे भरून घेऊ." मग तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"काका?" फिटरबाईने विचारलं. "सेट?"

"राहू द्या नवाच," मिस्त्री म्हणाले.

ते घरी आले तेव्हा बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ते नेहमीच्या जागी बसले नाहीत. पलंगाला वळसा घालून असे बसले की ती उजवीकडे यावी.

"झाला का तुमचा गाणारा डबा दुरुस्त?"

"डबा आधीपासून ठीकच होता."

"मग इतका वेळ काय केलंत?"

"माझा डावा कान गेलाय," मिस्त्री म्हणाले. "गाडीत तू बसतेस त्या बाजूचा."

बायकोच्या हातात चादर होती. ती तशीच अर्धवट घडी धरून राहिली. ती मनात मागे मागे जाताना त्यांना दिसत होती, आणि ती कुठे जाऊन थांबली तेही दिसलं, कारण तेही तिथेच थांबले होते.

"हॉस्पिटलातून येताना तू काहीतरी म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"जाऊ द्या. गाठ साधी निघाली ना? झालं तर."

"काय म्हणाली होतीस?"

"शिळं झालं हो ते."

"तुला शिळं असेल. मी अजून ऐकलंच नाहीये."

तिने चादरीची किनार बोटांनी सरळ केली, पुन्हा सरळ केली. "मी म्हणाले, मला फार भीती वाटतेय, गाडी जरा बाजूला थांबवा." तिने वर बघितलं. "आणि तुम्ही हवेचं काढलंत."

मिस्त्री पलंगावर तिच्याजवळ सरकले.

"मी काय समजायचं? म्हटलं, ह्यांना ऐकायचंच नाहीये. घाबरलेत म्हणावं तर हसत होते. म्हटलं, आपलं आपण गिळावं. पोरीलाही सांगितलं नाही. निकाल येईपर्यंत तुम्ही शेजारी घोरत होतात आणि मी छताकडे बघत पडायची." आणि इतक्या दिवसांनी तिला रडू आलं, चादरीत तोंड घालून, आवाज न करता.

"ऐकलं असतं तर थांबवली असती गं."

"ते आत्ता कळतंय मला," ती म्हणाली.

मिस्त्रींना कान गेल्याचं दुःख अजून झालं नव्हतं. ते पुढे कधीतरी होणार होतं. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा मोठं असं काहीतरी होतं. पंपाचं बेअरिंग कुरकुरलं तरी त्यांना भिंतीपलीकडून कळायचं. ही त्यांच्या हाताच्या अंतरावर बसून एकटीच घाबरली होती. निकाल चांगला लागला म्हणून ते दिवस परत येऊन वेगळे होणार नव्हते. त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती घडी पुरी केली.

पुढच्या आठवड्यात बायकोची नेहमीची तपासणी होती. मिस्त्री गाडी दारात आणून आत बसले होते. तिने डावीकडचं पुढचं दार उघडलं, क्षणभर सीटकडे बघितलं आणि दार लावून टाकलं. मग मागून वळसा घालून ती त्यांच्या बरोबर मागे, उजव्या खिडकीपाशी येऊन बसली.

"लोक म्हणतील, बाईंनी ड्रायव्हर ठेवलाय," मिस्त्री म्हणाले.

"म्हणू देत. म्हाताराच मिळाला, त्याला मी काय करू?"

नवा सेट आपोआप सुरू झाला, निळे आकडे लागले. मिस्त्रींनी हात पुढे करून तो बंद केला. बाजार मागे पडला, रस्ता मोकळा झाला. कारखान्याची भिंत सुरू झाली. भिंत अर्धी सरली असेल, तेव्हा त्यांच्या उजव्या कानामागून हलका आवाज आला.

"अहो, जरा थांबवता?"

मिस्त्रींनी वळायचा दिवा लावला, आरशात बघितलं, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली.

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून ते बसून राहिले. शेजारच्या सीटचा पट्टा सरळ लोंबत होता. रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि मिस्त्रींना त्या सगळ्या उजवीकडूनच जाताना ऐकू येत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या खांद्यावर हात आला.

"चला आता," बायको म्हणाली. "उशीर होईल."