न पाहिलेल्या चारशे बारा

"हे माझं नाव इथं कुणी घातलं?"

मेंदूमावशीचा आवाज कधी खोलीबाहेर जात नसे. आज तो जिन्यापर्यंत गेला. संगणकावरच्या ओळीवर तिनं बोट असं दाबलं होतं की पडदा थरथरला. शेजारी बसलेली संगणकवाली अंग चोरून म्हणाली, "मावशी, मशीननं जोड्या लावल्या. तो रकाना रिकामा ठेवला तर यादी पुढे सरकतच नाही. साहेब म्हणाले, तुमचं नाव टाक."

रकान्याचं शीर्षक होतं, 'काचपट्टी प्रत्यक्ष पाहिली'. त्याखाली मावशीचं नाव होतं, एकदा नाही, चारशे बारा वेळा.

मेंदूच्या एकाच कणभर भागाला एका प्रयोगशाळेत एक नाव, दुसरीत दुसरं आणि तिसरीत नुसता आकडा. शोधणाऱ्याच्या हाती मग अर्धीच माहिती लागते. म्हणून संस्थेनं सगळ्या नावांची एक यादी इंटरनेटवर मांडली होती, आणि कुठलं नाव कशाशी जुळतं हे ठरवायचं काम तळमजल्यावरच्या या खोलीत एकोणीस वर्षं मावशीकडं होतं; म्हणूनच सगळे तिला मेंदूमावशी म्हणत. तिची रीत साधी होती. दोन्हीकडच्या, मेंदूचे पातळ काप चिकटवलेल्या काचपट्ट्या मागवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली हद्दी ताडून बघायच्या आणि मगच नावं एका ओळीत बसवायची. हद्द जरा जरी बाहेर सांडली, तरी जोडी लावायची नाही.

दुसऱ्याच वर्षी कंटाळून तिनं एक जोडी न बघता लावली होती. दीड वर्षानं परमुलखातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. त्या जोडीवर विसंबून केलेलं तिचं सगळं काम पाण्यात गेलं होतं. पत्रात शिवी नव्हती. शेवटी एवढंच होतं, 'तुमचं नाव होतं, म्हणून मी पुन्हा तपासलं नाही.'

आज मावशी तडक साहेबांना खाली घेऊन आली.

"अहो मावशी, सोमवारी ही यादी बघायला पाहुणे येतायत," साहेब म्हणाले. "शंभरातल्या नव्वद तरी बरोबर असतील की!"

"आणि दहा?"

"त्या बघू नंतर."

"मग तुमचं नाव घाला."

"माझं कसं घालणार? मी कुठं काचा बघतो?"

"मीही यातली एक बघितलेली नाही!"

तिनं कपाटाचा खण खसकन ओढला, मशीनच्या पहिल्या चाचणीत तिनं स्वतः तपासलेल्या एका जोडीच्या दोन पट्ट्या काढल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवल्या. "बघा. एकीत गडद पट्टा हद्दीच्या आत आहे, दुसरीत बाहेर. आणि मशीन तेव्हाही म्हणत होतं, एकच."

साहेबांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. "मला दोन्हीकडं जांभळंच दिसतंय."

संगणकवालीला हसू फुटलं. तिनं खोकल्याचं सोंग केलं. मावशी हसली नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"ज्याला जांभळं दिसतं, त्यानं माझ्या नावानं साक्ष द्यायची? हा खोटेपणा आहे, साहेब. साधासुधा नव्हे, धडधडीत."

"जीभ सांभाळा."

"एकोणीस वर्षं तेच केलं."

साहेब पाय आपटत वर गेले. तिनं खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून स्वतःचं नाव खोडून ती तिथं टाइप करायला बसली: 'पाहिलेले नाही.' रकाना भरला, यादी पुढे सरकली. मग दुसरी ओळ. असं चारशे बारा वेळा.

घरी नवरा तिच्या लाल झालेल्या डोळ्यांत औषध घालताना म्हणाला, "कशाला डोक्यात राख घालून घेतेस? निवृत्तीला सहा महिने राहिलेत. करून टाकायची सही."

"डोळे मिटूनच सही करायची होती, तर इतकी वर्षं ते जाळले कशाला?"

नवऱ्यानं बाटलीचं झाकण लावलं.

सोमवारी वर दालनात पाहुणे जमले. मावशीला बोलावणं नव्हतं. साडेबाराच्या सुमारास संगणकवाली खाली आली आणि दारातच उभी राहिली.

"काय झालं गं?"

"एका पाहुण्या बाईंनी मोठ्यांदा वाचलं. 'पाहिलेले नाही, पाहिलेले नाही...' साहेबांचं तोंड बघवत नव्हतं." तिनं आवाज उतरवला. "मावशी, साहेबांनी तुमचं नाव सगळीकडूनच काढायला सांगितलंय. जुन्या अकरा हजार ओळींमधूनही. आत्ताच्या आत्ता."

वरून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"काढ," ती म्हणाली. "तुला सांगितलंय ना? तू काढ. तुझ्यावर राग नाही माझा."

संगणकवाली बसली, पण तिनं कळफलकावर बोट ठेवलं नाही. मावशीनं खणातून, मागवून ठेवलेल्या चारशे बारांपैकी पहिली जोडी काढली. काचेवर फुंकर घातली, मऊ फडक्यानं कड पुसली, पट्टी जागेवर बसवली आणि दिवा लावला.

"हे आता कुणाच्या नावावर टाकायचं, मावशी?"

"थांब," डोळा न उचलता ती म्हणाली. "आधी बघू दे."