मास्तरांनी सेव्ह न केलेली नावं

मास्तरांच्या एका खोडीवरून आमचं रोज वाजायचं. दिवसभराचं काम ते संध्याकाळी एकदमच सेव्ह करायचे. "अर्ध्या ताटावरून मी उठत नाही," म्हणायचे. शाळेत कधी शिकवलं नव्हतं त्यांनी; सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून हे नाव पडलेलं. महापुरानंतर आमच्या कार्यालयात बेपत्ता माणसांचा आणि अनोळखी देहांचा अवाढव्य डेटाबेस उभा राहिला होता. नातेवाइकांकडून खुणा विचारून मास्तर क्रमांकांना नावं द्यायचे. डेटाबेस सांभाळायची मी.

त्या दुपारी मास्तर खुर्चीतच कोसळले. अर्धांगाचा झटका. त्यांना दवाखान्यात नेलं तोवर त्यांचा संगणक लॉक झाला होता. पासवर्ड त्यांच्या डोक्यात, आणि वाचा गेलेली. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे सर्व्हरची एक डिस्क मेली आणि दुसरी कुरकुरायला लागली.

"बॅकअप घ्या, आत्ताच्या आत्ता!" साहेब ओरडले.

"आपल्या जुन्या यंत्रणेत आधी डेटाबेस बंद करावा लागतो, साहेब. आणि बंद होताना सेव्ह न केलेलं सगळं तो पुसून टाकतो. मास्तरांनी आज दिलेली सगळी नावं जातील."

"मग प्लग ओढा."

"तरी नावं जाणारच. वर कॉपी उघडेल याचा भरवसा नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. थांबावं, तर डिस्कबरोबर हजारो माणसांच्या नोंदी बुडणार. आणि बाहेर बाकावर एक बाई सकाळपासून बसलेली. मास्तरांनी तिला सांगितलं होतं, "ताई, तुमचा मुलगा सापडला. संध्याकाळी कागद घेऊन जा." ज्यांना नाव नाही ते देह उद्या सकाळी एकत्र पुरणार होते. सीलबंद पिशव्या, वर नुसते क्रमांक.

मी बंद करायची आज्ञा दिली. पडद्यावर नावं दिसत नव्हती, नुसता पुसलेल्या नोंदींचा आकडा चढत होता. आत एकेक नाव निघून पुन्हा क्रमांक उरत होता. होत्याचं नव्हतं. मी मास्तरांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि रडले. डेटाबेस नीट बंद झाला. कॉपीही उत्तम निघत होती, पण ती पुरी होऊन सगळं पुन्हा चालू व्हायला उद्याची दुपार उजाडणार होती.

"साहेब, पुरणं एक दिवस थांबवा."

"देह आता थांबत नाहीत हो," साहेब म्हणाले.

मी बाहेर जाऊन बाईशेजारी बसले आणि सगळं सांगितलं.

"पण सापडला होता ना?"

"हो, ताई."

"त्यातला कुठला, ते तुम्हाला ठाऊक नाही."

"नाही."

ती उठली आणि बाकाखाली चपला शोधत राहिली. त्या तिच्या पायातच होत्या.

"मग उद्या सगळ्यांवरच मूठ मूठ माती टाकते," ती म्हणाली.

किती आहेत, ते मी तिला सांगितलं नाही.