माझ्या पोटात बसच्या खुर्च्या

मित्रांनो, मी लाकडाची नाही, लोखंडाची नाही, फायबरची बोट आहे, आणि चांगलीच जुनी! निळा रंग उडालाय, पण नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर अजून झोकात चालते. आमच्या सातपुड्यातल्या पाड्यांना रस्ता नाही. शाळेचे सर, रेशनचं धान्य, बकऱ्या, नवरी, सगळे माझ्यातूनच जातात.

बसायला माझ्यात आडव्या फळ्या होत्या, नुसत्या अडकवलेल्या. डोंगरावरून आजाऱ्याची झोळी उतरताना दिसली, की माझा चालक गुलाबसिंग कुणी न सांगता फळ्या उचलून बाजूला टाकायचा. मग बांबूसकट झोळी माझ्या तळावर लांबच्या लांब निजायची.

फळ्या टोचतात, ही कुरकुर मात्र रोजचीच. म्हणून होळीआधी गुलाबसिंगने शहाद्याहून भंगारातल्या बसच्या गादीच्या खुर्च्या आणल्या. बरोबर चुडामण मिस्त्री. त्याने खुर्च्या तळाला बोल्टने आवळल्या आणि पाणी झिरपू नये म्हणून नटांवर राळ ओतली. ती दगडासारखी घट्ट झाली.

“आते हत्ती बसना तरी हालाव नही!” चुडामण छाती काढून म्हणाला.

काठी गावच्या होळीला निघालेली मंडळी बसली आणि काय कौतुक!

“गुलाबदादा, आता तिकीट फाडशील का?”

“मी खिडकीजवळ बसणार!”

“खिडकी कुठंय काकी? तोंड बाहेर काढ, झाली खिडकी!”

मी तर नुसती फुगले होते. त्या हसण्यात झोळीची आठवण कुणालाच झाली नाही.

पावसाळ्यात एका दुपारी कालीबाई ओरडत उतारावरून आली. मागे झोळी, झोळीत तिची सून रविना. दिवस भरले होते आणि रक्त थांबत नव्हतं. गुलाबसिंगचा हात सवयीने फळीकडे गेला आणि हाताला खुर्ची लागली.

खुर्च्यांमधल्या वाटेत झोळी मावेना. त्याने पाना लावला, पाना घसरला. दगडाने ठोकलं. राळ तडकेना.

“फोड रे! खुर्ची फोड, नाहीतर बोट फोड!”

“बोट फुटली तर हिला दवाखान्यात नेऊ कशात, मावशी?”

शेवटी रविनाला बसवलं. दोन बायांनी दोन्हीकडून धरलं. प्रत्येक लाटेला तिची मान पुढे पडायची. “मला आडवं करा ना,” ती म्हणत राहिली. मग म्हणेनाशी झाली.

रविना वाचली. बाळ नाही वाचलं. आडवी नेली असती तर वाचलं असतं का? कुणाला ठाऊक! गुलाबसिंग मात्र इंजिन बंद केलं, की मला हेच विचारतो.

त्याने सगळ्या खुर्च्या करवतीने बुडापासून कापल्या. तरीही कालीबाई माझ्यात पाय ठेवत नाही. बाजाराला डोंगर चढून पायी जाते. वर वाटेवर तिचं लुगडं दिसलं की गुलाबसिंग बोट हळू करतो. ती खाली बघतसुद्धा नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर नव्या करा, मलाही नटायला आवडतं! पण काही कायमचं ठोकण्याआधी, ज्याला बसताच येत नाही त्याचाही विचार करा. आणि डोंगरात कालीबाई भेटलीच, तर तिला एवढं सांगाल? म्हणावं, बोट तळापासून मोकळी केली आहे. खाली ये.