कणकेचं सार्डिनिया

“अर्धी पिशवी कणीक गेली शाळेच्या नावाने, वर चार वाट्या मीठ! आता पोळ्या मी कशाच्या करू?”

रत्ना पुटपुटत होती आणि मी तिच्या तळव्याखालीच होतो, म्हणून पहिलं ऐकलं ते हे. मित्रांनो, मी एक जुनं बेट आहे. भूमध्य समुद्रातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट, सार्डिनिया, ते मी. समुद्र मात्र मी कधी पाहिला नाही. माझा जन्म दोन हजार सातच्या सप्टेंबरात, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, परातीत झाला.

रत्नाच्या मुलीला, चौथीतल्या स्वानंदीला, शाळेने एक बेट करून आणायला सांगितलं होतं. तिने लायब्ररीतून पुस्तक आणलं, पोटावर पालथं पडून वाचलं आणि मला घडवायला बसली. बोटं आखूड, घाई फार, पण माझं सगळं तिला ठाऊक होतं. पूर्वेला डोंगर रचले, नैऋत्येला मैदान थापलं, दक्षिणेच्या खाऱ्या तळ्यांत गुलाबी लोकरीचे फ्लेमिंगो उभे केले. डोंगरात राजम्याच्या दाण्यांचे रानमेंढे सोडले.

“आई, हळद दे ना. तिकडे समरमध्ये रेन नसतो. सगळं ग्रास यलो होतं. पाऊस विंटरमध्ये.”

“उलटंच आहे बाई तुझं बेट,” म्हणत रत्नाने हळदीचा डबा सरकवला.

दिवस गौरींचे. शेजारच्या शैलजाकाकू डबा परत करायला आल्या. टेबलावर मी, पिवळा, तळपायासारखा लांबट. त्यांनी चिमूटभर कुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, “रत्ना, गौरीचं एकच पाऊल केलंस? दुसरं कुठाय?”

“काकू! ते सार्डिनिया आहे!”

हसून हसून तिघी बेजार. कुंकू स्वानंदीने तसंच ठेवलं. माझ्या पूर्व किनाऱ्यावर लाल खडक असतातच. शेवटी तिने पश्चिमेला तारेची झाडं लावली आणि सगळी एकाच बाजूला वाकवली. तिथे वायव्येकडून असा वारा सुटतो की जुनिपरची झाडं जन्मभर झुकूनच वाढतात. तेवढ्या वाकड्या तारांनी माझ्यात वारा आला. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी बेट होतो.

मग परीक्षित घरी आला. स्वानंदीचा बाबा. मोटारींची दारं आखायचं त्याचं काम. दार आणि चौकट यांतली फट केसभर चुकली तर त्याला जेवण जायचं नाही. ऑफिसात त्याने आखलेलं दार पाच जण बदलत, ते तो मुकाट्याने सोसायचा. घरी त्याला बदलायला मी सापडलो.

“मस्त केलंयस गं. फक्त जरा नीट करू.”

हे ‘जरा’ फार वाईट, मित्रांनो.

त्याने झाडं सरळ केली. स्वानंदीने वाकवली. त्याने पट्टी लावून पुन्हा सरळ केली.

“पण बाबा, तिथे विंड आहे!”

“हो गं, विंड. पण सरळ झाड कसं हेल्दी दिसतं. हे धर जरा.”

शनिवारी त्याने माझे डोंगर प्रमाणात कापले. रविवारी मला सँडपेपरने घासलं, राजमा काढून दुकानातल्या प्लॅस्टिकच्या मेंढ्या चिकटवल्या आणि वर हिरवा रंग फवारला. भर उन्हाळ्यातला मी ऑगस्टमधल्या कोकणासारखा दिसू लागलो. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कणकेला तोंड नसतं. रत्ना दारातून पाहून पोळ्या लाटायला गेली. स्वानंदी टीव्हीसमोर जाऊन बसली.

शाळेत मला पहिल्या नंबरची निळी रिबीन मिळाली. त्यानंतर आठ-नऊ महिने मी हॉलमधल्या काचेच्या टेबलावर होतो. कोणी जेवायला आलं की परीक्षित मला दोन्ही हातांनी उचलून दाखवायचा, “आमच्या स्वानंदीने केलंय!” पाहुणे वा वा करायचे. शैलजाकाकूंनी तर हळदीचा तो पाय डोळ्यांनी पाहिला होता. त्याही वा वा करायच्या. स्वानंदी तेवढ्यात वर निघून जायची.

पुढे दमट उन्हाळ्यात मला मिठाचं पाणी सुटलं. उत्तर टोकाला तडा गेला. माझी रवानगी जिन्याखाली, चपलांच्या रॅकवर झाली. त्याचं दुःख मी करत नाही. कणकेला इतकं आयुष्य म्हणजे पुष्कळ. मला छळतं ते दुसरंच. त्या सप्टेंबरनंतर स्वानंदीने काही केलं नाही. क्रेयॉनची पेटी उघडली नाही. दिवाळीत रांगोळी काढ म्हटलं, तर आईला म्हणाली, “तूच काढ, तुझी छान येते.” दहा वर्षांच्या पोरीने असं म्हणावं? मित्रांनो, माझी धूळ पुसू नका. तुमच्या घरात कुणाची कणीक ओली असेल, तर तिला हात लावण्याआधी विचारा, एवढंच.

दोन हजार आठच्या नोव्हेंबरात शैलजाकाकू चहाला आल्या होत्या. चपला घालताना त्यांना मी दिसलो. “अय्या, हे इथे का टाकलंत? काय हात आहे हो पोरीचा!”

“मग!” परीक्षित हसत म्हणाला. “रत्ना, वर ठेवायला पाहिजे गं परत.”

रत्ना कपबशा उचलत राहिली. तेवढ्यात स्वानंदी शाळेतून आली. बॅगेतून एक कागद काढून तिने बाबापुढे धरला.

“नवीन प्रोजेक्ट. नेक्स्ट फ्रायडेला ड्यू आहे.”

“अरे वा! काय करायचंय तुला?”

“मला नाही, बाबा. तुलाच.” तिच्या आवाजात राग नव्हता, त्याने मला अधिकच भीती वाटली. मग ती काकूंकडे वळली. “काकू, हे मी नाही केलेलं. मी केलेलं बाबाने काढून फेकलं.”