सव्वा इंचाचा फरक

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे इंचबाई म्हणत. बावीस वर्षं ती कटिंगच्या टेबलाशी उभी होती. तिनं कापलेलं कापड कमी पडलं असं कुणी म्हटलंच, तर लोक म्हणणाऱ्याच्या शिलाईत खोट शोधत आणि ती सापडेही. कात्री लावण्याआधी ती ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेई. मग खडूची रेघ, मग कात्री. नाव घेतल्यावर हात थरथरत नाही, असं ती म्हणायची. हसणारे हसत, पण आपल्या मुलीच्या लग्नाचं कापड तिच्याकडेच आणत.

अशा बाईच्या पोटाला तीन महिन्यांपूर्वी खोड लागली. दुपारी डबा उघडावा, चार घास पोटात जावेत आणि पोट टम्म व्हावं. कुणी आतून पंपानं हवा भरतंय तसं. ढेकर येई, पण त्यानं काही हलकं वाटत नसे. घागऱ्याचा हूक तिनं आधी बोटभर सरकवला, मग दोन बोटं, आणि शेवटी हूक काढून नाडीच घातली.

हे बरोबर हेरलं काजूनं. काजू म्हणजे काज-बटणाच्या मशीनवरची पोरगी. खरं नाव दुसरंच, पण काज करते म्हणून काजू.

"बाई, आत्ता झाकण उघडलंत, आत्ता लावलंत. जेवता की नुसता वास घेता?"

"वासानंच भरतं हल्ली."

"वास खाऊन पोट सुटलेली बाई मी पहिल्यांदाच बघतेय."

"जीभ मशीनखाली सापडेल एक दिवस तुझी," इंचबाई म्हणाली आणि हसली. हसताना पोट ताणलं तसं ती टेबलाची कड धरून थोडी वाकली. काजूनं ते पाहिलं आणि पुढचा विनोद गिळला.

घरी वेगळंच प्रकरण होतं. तिच्या नवऱ्यानं उभी हयात बस चालवली होती. ते चाक सुटल्यावर त्यानं स्वयंपाकघराचं चाक हातात घेतलं, आणि हात असा बसला की शेजारच्या बायका वाटी घेऊन चव विचारायला येत. म्हणून बायकोचं ताट अर्धं परत यायला लागल्यावर तो आधी रुसला आणि मग घाबरला. घाबरला तसा एकेक जिन्नस बंद करत गेला. आधी कडधान्यं गेली, मग कोबी, मग कांदा, मग दूध. फोडणी तर इतकी हलकी झाली की भाजीला कळतही नसेल.

"आज कसं आहे?" तो तिच्या समोर बसून, ती घास चावताना बघत विचारी.

"बरं आहे."

"फुगलं?"

"थोडं."

"म्हणजे मीठ. मीठ कमी करतो उद्यापासून."

"अहो, आधीच आजाऱ्याचं जेवण झालंय. त्यात अजून काय कमी करणार?"

"बोलू नकोस. जेवताना बोललीस की हवा जाते आत."

आपल्याच हातचं बायकोला बाधतंय, या विचारानं तो वाळत चालला होता. तिला दिसत होतं. पण ती त्याला तसं समजू देत होती. कारण जेवणाचा दोष असेल तर तो जेवणापुरताच. जेवणाचा नसेल तर काय, हे तिला ठाऊक होतं आणि त्या दिशेला तिला मान वळवायची नव्हती. तिची थोरली बहीण अशीच चार घासांत उठायची. वायू आहे, वायू आहे, म्हणता म्हणता वर्ष गेलं. मग बीजकोशावरची गाठ कळली, आणि कळल्यावर फार दिवस मिळाले नाहीत.

शेवटी ती डॉक्टरबाईंकडे गेली, एकटी. डॉक्टरबाई वयानं लहान, बोलायला मोकळ्या.

"रोज फुगतं?"

"जेवल्यावर."

"लघवीला सारखं जावं लागतं?"

"वयच झालं ना आता."

"घरात कुणाला गर्भाशयाचा, बीजकोशाचा आजार? आई, बहीण?"

इंचबाईनं टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. देवाचं नाव घेतल्याशिवाय जिची कात्री चालत नाही, ती बाई सरळ खोटं बोलली. तोंडातून तो शब्द इतका सहज सुटला की तिचं तिलाच नवल वाटलं.

डॉक्टरबाईंनी पचनाच्या गोळ्या लिहून दिल्या, सावकाश चावून खायला सांगितलं. "आणि एक काम करा. पंधरा दिवस पोट मोजा. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, आणि दुपारी जेवल्यावर. सकाळी उतरत असेल तर वायूच. उतरत नसेल, किंवा वाढत जात असेल, तर लगेच या, सोनोग्राफी करू. मोजता येईल ना नीट?"

"मोजता येईल," इंचबाई म्हणाली, आणि तिला पहिल्यांदा थोडं हायसं वाटलं. मोजायचंच तर होतं.

पंधरा दिवस तिनं नेमानं मोजलं. सकाळी घरी, बेंबीवरून टेप फिरवून, श्वास सोडून. दुपारी कारखान्याच्या कपडे बदलायच्या खोलीत, तसंच. सकाळी अडतीस, दुपारी सव्वाएकोणचाळीस. दुसऱ्या दिवशी तेच. कधी पाव इंच इकडे-तिकडे. म्हणजे दुपारी फुगलेलं सकाळी उतरत होतं. रोज सव्वा इंच, घड्याळ लावल्यासारखं. शेवटच्या चार दिवसांत दोन्ही आकडे अर्ध्या इंचानं वर सरकले, पण फरक तोच राहिला. वायूच तो, आता जरा जास्त धरतोय एवढंच, असं तिनं ठरवलं. डॉक्टरबाईंना फोनवर सांगितलं, "उतरतं सकाळी. मोजलंय मी." शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मापावर कोण शंका घेणार? गोळ्या चालू राहिल्या.

त्याच आठवड्यात एका शाळेच्या चाळीस कमरपट्ट्यांचं काम आलं. दुपारनंतर उभं राहवेना, म्हणून मालकांना विचारून इंचबाईनं कापड घरी नेलं. जेवणाच्या टेबलावर पसरून चाळीसही पट्टे तीस इंचांचे कापले आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा काजूसमोर ठेवला.

तासाभरानं काजू तिच्याजवळ आली. हातात चार पट्टे होते आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"बाई, रागावू नका. हे तीस आहेत का एकतीस?"

"तीस."

"टेप लावा ना."

इंचबाईनं गळ्यातला टेप लावला. एकतीस. दुसरा पट्टा, एकतीस. तिसरा, चौथा, आणि मग गठ्ठ्यातले सगळेच, एकतीस.

"नोंद करा गं कुणीतरी," काजू मशीनच्या रांगेकडे वळून म्हणाली. "इंचबाईंचा इंच चुकला. आता नाव बदलून फूटबाई ठेवायचं का?"

रांगेत हसणं पसरलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा संधी मिळाली होती, सोडणार कोण? मालकही केबिनच्या दारातून म्हणाले, "जास्त आहे ते बरं, कमी असतं तर वांधा होता. कापून घ्या इंचभर."

इंचबाई हसली नाही आणि रागावलीही नाही. ती त्या पट्ट्यांकडे बघत होती. एक चुकला तर हात चुकला म्हणावं. चाळीसच्या चाळीस सारखेच चुकले, म्हणजे हात चुकला नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर घरचा टेप आला, पट्टे आणि रोज सकाळी पोटही ज्यानं मोजलं तो, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेला. शिवण शिकायला जायची तेव्हाचा, जुना कापडी टेप. त्याच्या खालच्या टोकाच्या कडीत मोठी लोखंडी कात्री अडकवलेली, सापडायला बरी म्हणून. किती वर्षं लटकत होती ती कात्री. ते कापड ताणून-ताणून लांबलं होतं आणि आकडे एकमेकांपासून सरकले होते.

तीस इंचांना इंचभर. मग अडतीसला? हा हिशोब करायला तिला कागद लागला नाही. सव्वा इंच.

"बाई?" काजूचं हसू विरलं होतं. "अहो, चेष्टा केली मी. मी कापते ना ते, पाच मिनिटांचं काम आहे."

"काप," इंचबाई म्हणाली. "एक इंच. रेघ मारून काप."

कारखान्याचा टेप तिनं त्या संध्याकाळी पिशवीत घालून घरी नेला. नवऱ्याला काही बोलली नाही. सकाळी तो दूधवाल्याशी दारात बोलत असताना, उपाशीपोटी, श्वास सोडून तिनं त्या टेपानं पोट मोजलं. तीनदा मोजलं. पावणेचाळीस. काल दुपारी होतं तेवढंच.

म्हणजे रात्रभरात काहीही उतरलेलं नव्हतं. एकाही रात्री उतरलं नव्हतं. ती सकाळी एक खोटा आकडा वाचत होती आणि दुपारी एक खरा, आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेला वायू म्हणत होती. आणि तो खोटा आकडा तिला हवा होता. नाहीतर वायूसारखी मोकाट गोष्ट रोज मापात कशी येईल, एवढी साधी शंका इंचबाईला यायला नको होती का?

ती पलंगाच्या कडेवर बसली. आरशात हात दिसत होते, काटक्यांसारखे, आणि मध्ये हे पोट.

"अहो," तिनं हाक मारली. "आज माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येता का?"

तो लगेच आला. वाटेत त्यानं पेन विकत घेतलं. "पथ्य नीट लिहून घेतो या वेळी. तू अर्धवट सांगतेस."

तो बाहेर बाकावर बसला आणि ती आत गेली. गेल्या गेल्या, बसायच्या आधीच म्हणाली, "मी दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या तुम्हाला. एक नकळत. एक कळून."

टेपाचं ऐकून डॉक्टरबाईंनी खरा आकडा लिहून घेतला. बहिणीचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर इंचबाईला बरं वाटलं असतं. त्यांनी तिला झोपवलं, पोटावर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकलं. मध्यभागी पोकळ वाजलं, कडेला भरीव. मग कुशीवर वळायला सांगून पुन्हा ठोकलं. आता भरीव आवाज दुसऱ्या जागी गेला होता. कापड ठोकून जाडी ओळखणाऱ्या बाईला तो फरक कानांनी कळला.

"हे वारं नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही. पाणी साठलंय असं वाटतंय. का साठलं, ते बघावं लागेल. सोनोग्राफी आजच, रक्ताची तपासणीही. मी फोन करते तिकडे."

"बहिणीसारखं?"

"बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. पण आज आलात ते चांगलं झालं. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही."

चिठ्ठी घेऊन ती बाहेर आली. नवरा बाकावरून उठला. गुडघ्यावर कागद ठेवून त्यानं वर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'बंद करायचे'. खाली आकडे घालून जागा सोडली होती.

"सांग," तो म्हणाला. "काय काय बंद?"

"काही नाही."

"काही नाही कसं?"

"तुमच्या जेवणाचा काही दोष नव्हता. कशाचाच नाही. कांद्याचा नाही, दुधाचा नाही."

तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला. खांदे खाली आले. "खरं? मी म्हणतच होतो, इतक्या वर्षांत कुणाला बाधलं नाही ते..." तो हसायला लागला. कागदाची घडी घालून खिशात ठेवताना त्याचा हात थांबला. त्याची नजर तिच्या हातातल्या चिठ्ठीवर गेली होती.

"मग कशाचा?"

ती त्याच्या शेजारी बसली. तपासणीची जागा रस्त्याच्या पलीकडेच होती, जायला पाच मिनिटंही लागली नसती. तरी तिनं आधी त्याचा हात धरला, आणि थोरल्या बहिणीपासून सांगायला सुरुवात केली.